अतिउत्साही यंत्र

दिगंबर मोहरील शाळामास्तरकी सोडून प्रचार अधिकारी झाले, तेव्हा सरकार आपल्याला एक टेबल देईल, एक खुर्ची देईल, आणि साहेबलोक फारच खूश असले तर एक सायकल देईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. सरकारनं त्यांना घर दिलं, आणि तेही चाकांवर.

महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेला एक फौजी ट्रक होता. नागपूरच्या सुतारांनी त्याच्या पाठीवर सागवानी खोली चढवली. आत झोपायला बाक, भिंतीला मिटून ठेवायचं टेबल, तोंड धुवायला चिनीमातीचं भांडं, तीन दिवे, एक पंखा, एक रेडिओ. आणि टपावर भोपळ्याच्या फुलासारखा पसरलेला कर्णा. सरकारी कागदावर तिचं नाव होतं 'फिरते प्रचारगृह'. चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्टीत मात्र रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, तिथं एवढं लांब नाव कोण घेणार? लोक तिला चालतं घर म्हणू लागले. त्या घरात राहून मोहरीलांनी गडचिरोली, धानोरा, अहेरी असं हिंडायचं आणि पंचवार्षिक योजना म्हणजे काय ते लोकांना सांगायचं, असं ठरलं.

घर चालायचं ते बाकाखालच्या दोन बॅटऱ्यांवर. ट्रकच्या इंजिनाची बॅटरी वेगळी. तिथला डायनामो तिलाच जेमतेम पुरायचा. या दोन घरच्या. दिवे, पंखा, रेडिओ, कर्णा, सगळा संसार त्यांच्या जिवावर. आणि त्या बॅटऱ्या भरायला एक खास यंत्र दिलं होतं. पेट्रोलचं छोटं इंजिन, त्याला जोडलेला डायनामो, आणि दोन जाडजूड वायरी. वरून हिरवाकंच रंग आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत 'विकासयंत्र'. ते नागपुरातच बनलं होतं. ज्या कारखान्यात बनलं, तो उपमंत्रीसाहेबांच्या भाच्याचा होता. पण हे बोलायची रीत नव्हती. उपमंत्रीसाहेबांनी स्वतः त्याला कुंकू लावून, हार घालून, नारळ फोडून ते मोहरीलांच्या हवाली केलं होतं.

"मोहरील, हे जंगलात उजेड नेणार आहे," ते म्हणाले होते.

मोहरीलांचा ऊर भरून आला होता.

पहिल्या दौऱ्यात उजेड खरोखरच गेला. धानोऱ्याच्या बाजारात ड्रायव्हर लटारूनं यंत्राची दोरी ओढली, तसं ते असं काही गरजलं की बांधलेले बैल दावी तोडून पळाले. दिवे दुधासारखे पांढरे झाले, आणखी पांढरे झाले, आणि मग त्यातला एक फट्‌कन फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मोहरील त्या बाकावर अभिमानानं झोपायचे. सकाळी उठले की घसा खवखवायचा, डोळे चुरचुरायचे, खोलीभर आंबूस उग्र वास असायचा. जंगलातली हवा आपल्याला मानवत नाही, असं त्यांनी ठरवलं. मग पांघरुणाला भोकं पडू लागली. मग धोतराला. मग, ज्याच्यासाठी त्यांनी दोन दिवाळ्या नवे कपडे शिवले नव्हते, त्या सुती कोटाच्या खालच्या कडेला.

"वाळवी हाय साहेब," लटारू म्हणाला. "इथली वाळवी लय खट्याळ. सरकारी माल आधी खाते."

मोहरीलांनी डांबराच्या गोळ्या टाकल्या, कडुलिंबाचा पाला टाकला. भोकं वाढतच गेली. शेवटी भोकाभोकांच्या कोटात उभं राहून ते बाजारोबाजारी सांगू लागले की येत्या पाच वर्षांत देशात कापडाचा सुकाळ होणार आहे. पुढं बसलेले म्हातारे एकमेकांकडे बघायचे आणि विडी पेटवायचे.

अशात एके दिवशी अहेरीच्या वाटेवर एका बाजारात त्यांचं भाषण अगदी रंगात आलं होतं. "आता अंधाराचे दिवस," असं म्हणून त्यांनी दम घेतला, आणि कर्णा गप्प झाला. खोलीतले दिवेही गेले. वाक्याचा उरलेला भाग कर्ण्याशिवाय चार माणसांपुरताच गेला. लटारूनं बाक उचलून पाहिलं. बॅटऱ्यांच्या पेट्या कुशी फुगवून बसल्या होत्या, आणि आत थेंबभर पाणी नव्हतं.

"तहानल्या हायत," लटारू म्हणाला आणि त्यानं विहिरीची बादली ओतली. त्यानं काही झालं नाही.

बॅटऱ्या खराब निघाल्या, असा अहवाल गेला. नवी जोडी आली. तीही पावसाळा उलटायच्या आत गेली. तेव्हा मात्र नागपूरहून खात्याचे एक इंजिनिअर आले. गडचिरोलीच्या डाक बंगल्यात त्यांनी जेवण केलं, वामकुक्षी केली, मग उठून बॅटऱ्यांकडे लांबूनच बघितलं आणि निदान केलं.

"अशक्त आहेत. दमट हवेत बॅटरीला ताकद कमी पडते. चार्जिंग दुप्पट वेळ करत जा."

लटारूनं तसं केलं. नंतर आलेल्या तिसऱ्या जोडीतल्या एका बॅटरीचं झाकण दुसऱ्याच दिवशी उडालं आणि छताला जाऊन लागलं.

आता मोहरील काही मूर्ख नव्हते. शाळेत ते विज्ञानच शिकवायचे. फक्त पुस्तकात बॅटरी हे चौथ्या प्रकरणात होतं आणि वर्षाअखेर ते प्रकरण नेहमी राहूनच जायचं. झाकण उडालं त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा शंका आली. पण ज्याला उपमंत्र्यांनी कुंकू लावलं, त्याच्यावर शंका घ्यायची म्हणजे आपल्याच नोकरीवर घेण्यासारखं होतं. त्यांनी ती शंका मनातच गुंडाळून ठेवली.

ती उलगडली मल्लय्यानं. मल्लय्या हा सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस. त्याचा फिरता सिनेमा होता. बाजाराच्या गावी तंबू ठोकायचा, पडदा लावायचा, आणि देवादिकांचे जुने, तुटलेले, जोडलेले सिनेमे दाखवायचा. गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं मोठ्यानं, आणि स्वतःची तारीफ करायला त्याला दुसऱ्या कोणाची गरज लागत नसे. अहेरीच्या बाजारात त्याचा तंबू आणि चालतं घर शेजारीशेजारी आले. सरकारी कर्णा आपल्या सिनेमाच्या वेळेवर ओरडतो, ही तक्रार घेऊन तो आला होता. पण तोंड उघडायच्या आत त्याला वास आला.

"सार," तो म्हणाला, "कोणाला शिजवून राह्यले?"

त्यानं विचारल्याशिवायच बाक उचललं. उरलेली एक बॅटरी यंत्राला लावलेली होती. तिच्या झाकणांतून रटरट आवाज येत होता, वर बारीक तुषार उडत होते. मल्लय्यानं तिच्या कुशीला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"यंत्र बंद करा."

लटारूनं यंत्र बंद केलं. इंजिन थांबलं, पण डायनामो आपला हळूहळू फिरतच राहिला. मल्लय्या त्याच्याकडे बघून मनापासून हसला.

"बघा सार. चालू असताना हा बॅटरीला मारतो. भरली तरी भरतच राहतो, म्हणून आतलं पाणी उकळते, तेजाब उडते. अन् बंद केला की बॅटरीतलीच वीज पिऊन स्वतः फिरत बसतो. माझ्या जनरेटरच्या सेटला मधात डबी हाय. बॅटरी भरत आली की करंट कमी करते, इंजिन थांबलं की वायर तोडते. याला डबीच नाई. चोराले तिजोरीची चावी देल्ली अन् वरून हार घातला तुम्ही."

"हार उपमंत्रीसाहेबांनी घातला," मोहरील म्हणाले.

"मग तर लयच मोठा चोर."

मोहरीलांनी आपल्या कोटाकडे बघितलं. मग पांघरुणाकडे. इतके दिवस आपण वाळवीला शिव्या देत होतो आणि तेजाबाच्या, म्हणजे आम्लाच्या, फवाऱ्यावर अंथरूण घालून झोपत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना त्या बाकावर बसवेना.

मल्लय्याच्या बॅटऱ्या फार जुन्या होत्या, तरी ठणठणीत होत्या, आणि त्याबद्दल तो आपल्या मुलांपेक्षा जास्त बोलायचा. हळू भरायच्या, गरम झाल्या की थांबायचं, विहिरीचं पाणी कधी घालायचं नाही, डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. त्यानं मोहरीलांपुढं सौदा ठेवला. सरकारी बॅटऱ्या तो आपल्या सेटवर भरून देईल. बदल्यात सरकारनं सिनेमाच्या वेळी ओरडायचं नाही. ओरडायचं तर सिनेमाच्या आधी, त्याच्याच तंबूत, आणि थोडक्यात.

मोहरील आधी नागपूरला, आपल्या खात्यात गेले. उपसंचालक बारलिंगे म्हणजे मऊ आवाजाचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्रात दोष आहे, असं तुमचं म्हणणं."

"होय साहेब."

"दोष हा शब्द जरा जड होतो. त्याचं उद्घाटन झालंय. फोटो छापून आलाय. उद्घाटन झालेल्या वस्तूत दोष कसा असेल?"

"पण ते बॅटऱ्या उकळतं साहेब. भरल्या तरी थांबत नाही."

बारलिंगेंनी पेन्सिल ओठाला लावून विचार केला. "असं म्हणू की यंत्र अतिउत्साही आहे. आजच्या काळात हा काही दुर्गुण नाही."

मोहरील जिन्यावरून उतरताना रागावलेले होते. रस्त्यावर येईपर्यंत त्यांचं डोकं चालू लागलं होतं. ज्याला काढता येत नाही, त्याला वर बसवता येतं, हे त्यांनी खात्यात अनेक माणसांच्या बाबतीत पाहिलं होतं. ते तसेच मागं फिरले.

"साहेब," ते म्हणाले, "एवढं मोलाचं यंत्र जंगलातल्या खडबडीत रस्त्यांवर आदळतंय, हे मनाला पटत नाही. गडचिरोलीला तहसिलीच्या आवारात त्याचं कायमचं प्रदर्शन मांडलं तर?"

बारलिंगेंचा चेहरा उजळला. असा विचार आपल्याला सुचायला हवा होता, असं त्यांना वाटलं. आणि चहा येईपर्यंत तो त्यांनाच सुचला होता.

अशा रीतीनं विकासयंत्र चौथऱ्यावर चढलं. चारी बाजूंनी कुंपण, वर पत्र्याचं छप्पर, सणावाराला हार. बाजाराच्या वारी पाहायला लोक यायचे, पाया पडायचे. चौथी जोडी आली, ती भरायचं काम मात्र मल्लय्याच्या स्वाधीन झालं. मोहरील रोज सकाळी दात घासण्याआधी बॅटऱ्यांच्या कुशीला हात लावून बघायचे, जसा आपण तापातल्या लेकराच्या कपाळाला लावतो. त्या गार असायच्या. मेलेल्या बॅटऱ्या टाकून देता येत नव्हत्या. सरकारी माल तो. त्या चौथऱ्याच्या मागं एका खोक्यात पडून राहिल्या.

योजनेचं भाषण आता सिनेमाच्या आधी होऊ लागलं. तंबू गच्च भरलेला असायचा. पुढं बसलेली सुकरी नावाची एक गोंड म्हातारी भाषण लांबलं की हातातली काठी जमिनीवर आपटायची, आणि मोहरील धरणांवरून थेट आभारावर यायचे. वरती अहवाल गेला की श्रोत्यांची संख्या तिपटीनं वाढली आहे. तो खोटा नव्हता.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण उपमंत्रीसाहेब दौऱ्यावर आले.

आदल्या दिवशी वैनगंगेकाठच्या एका विणकर सोसायटीनं त्यांना खादीचं कापड भेट दिलं होतं, आणि साहेबांनी हौसेनं रातोरात त्याचा कुडता शिवून घेतला होता. तो घालून ते प्रदर्शनात आले, चौथऱ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "चालवून दाखवा की."

चालवायचं म्हणजे बॅटऱ्या जोडायच्या. चालतं घर पलीकडेच उभं होतं आणि बारलिंगे त्याच्याकडे बोट दाखवत होते. मोहरीलांना गार कुशीच्या त्या दोन पेट्या डोळ्यांपुढं दिसल्या.

"त्या अहेरीला आहेत साहेब," ते धडधडीत खोटं बोलले. "इथं प्रदर्शनासाठी खास जोडी ठेवली आहे."

लटारूनं मागच्या खोक्यातली मेलेली जोडी काढली आणि सुकून गेलेली दिसली म्हणून दोन्ही पेट्या काठोकाठ पाण्यानं भरल्या. यंत्र गरजलं. थोड्याच वेळात पेट्यांची तोंडं रटरटू लागली. साहेब कुंपणाच्या आत येऊन खाली वाकले.

"आगीशिवाय पाणी उकळतंय, बारलिंगे."

"आपलीच प्रेरणा साहेब."

"साहेब, जरा मागं," मोहरील म्हणाले. पण ते इतक्या आदरानं म्हणाले की यंत्राच्या आवाजात कोणाला ऐकूच गेलं नाही. साहेब बराच वेळ वाकून होते, आणि याच्यावर चहा होईल का, असं विचारत होते.

दुसऱ्या दिवशी डाक बंगल्याच्या धोब्यानं कुडता पाण्यात बुडवून पिळला, आणि त्याच्या हातात अर्धा कुडता राहिला. उरलेला पाण्यात जाळीसारखा तरंगत होता.

चौकशी लागली ती विणकरांवर. उपमंत्र्यांना कुजक्या सुताचं कापड देऊन खादीची बदनामी केली, म्हणून सोसायटीचं सूत बंद करण्यात आलं. आठवड्याभरात नथ्थू नावाचा विणकर चालत्या घराशी येऊन उभा राहिला. तो सोसायटीचा पुढारी होता. मोहरीलांनी याच नथ्थूचं कौतुक कर्ण्यावरून गावोगाव केलेलं होतं.

"साहेब, तुमी आमचं कापड पाह्यलं हाय. हातानं ओढून पाह्यलं हाय. मंग आमच्या सुताले काऊन दोष देऊन राह्यले? माग बंद हायत. बाया विचारून राह्यल्या, आता कातायचं का नाई."

"चौकशी चालू आहे, नथ्थूभाऊ," मोहरील म्हणाले.

"ते मले बी मालूम हाय. मी तुमाले इचारतो."

नथ्थू भांडला नाही. त्यानं मोहरीलांच्या कोटाच्या कडेला हात लावला, एका भोकातून बोट घातलं, मोहरीलांच्या तोंडाकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं. मग तो बाजाराकडे निघून गेला.

त्या दिवशी तंबूत मोहरीलांना भाषण सुचेना. आपल्या दोन पेट्या वाचवायला आपण खोटं बोललो, आणि त्याचं तेजाब गावभर मागांवर सांडलं, हे त्यांना धरणांच्या वाक्यावाक्याला आठवत राहिलं. सुकरीला काठी आपटायची पाळीच आली नाही. मल्लय्याला त्यांनी सगळं सांगितलं.

"सांगून टाका सार," मल्लय्या म्हणाला. "नोकरी गेली तर माझ्या तंबूत तिकिटं फाडा. तुमचा आवाज चांगला हाय. फक्त विषय वाईट."

मोहरील एका बाटलीत बॅटरीतलं थोडं पाणी घेऊन पुन्हा नागपूरला गेले. बारलिंगेंच्या टेबलावर त्यांनी आपला धुतलेला रुमाल पसरला, त्यावर चार थेंब टाकले आणि तो खिडकीत उन्हाला ठेवला. चहा पिऊन झाल्यावर रुमाल पेल्यातल्या पाण्यात बुडवून चोळला. चार ठिकाणी बोटं आरपार गेली.

"विणकरांचा काही संबंध नाही साहेब. यंत्रानं बॅटरी उकळली, आणि मी मेलेल्या बॅटऱ्या जोडून दिल्या. चांगल्या वाचाव्या म्हणून. तेवढा माझा गुन्हा लिहून घ्या, पण त्यांचं सूत सुरू करा."

बारलिंगेंनी रुमाल पेन्सिलीच्या टोकानं बाजूला सारला. मोहरीलांचा गुन्हा लिहायचा तर प्रदर्शनाची कल्पना कोणाची, हे लिहावं लागणार होतं, आणि ती आता बारलिंगेंची होती.

"बघू या," ते म्हणाले. "खादीत दोष नाही, हे तुम्ही दाखवलंत. मान्य. यंत्रात दोष असू शकत नाही. बॅटऱ्या वरून मंजूर होऊन आलेल्या, तिथंही नको. तुम्ही खात्याचे. मग राहिलं काय?"

"काय राहिलं साहेब?"

"अंतर," बारलिंगे म्हणाले. "सगळं निर्दोष होतं. फक्त जवळजवळ होतं."

आणि तसंच ठरलं. यापुढं मान्यवरांनी यंत्रापासून दहा फूट दूर उभं राहावं, असा हुकूम निघाला. त्यासाठी कुंपणाबाहेर दुसरं कुंपण घातलं गेलं. यंत्राशी काम करणाऱ्यांना रबरी एप्रन देण्यात आले. एप्रनही भाच्याच्याच कारखान्यानं बनवले. सोसायटीचं सूत मात्र लगेच सुरू झालं, आणि नथ्थूचे माग पोळ्याच्या आधी पुन्हा वाजू लागले. तो आभार मानायला आला नाही. मोहरीलांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

यंत्राची कीर्ती इतकी झाली की इतर जिल्ह्यांनाही एकेक देण्यात आलं, आणि त्या सगळ्या अधिकाऱ्यांना यंत्र कसं वापरावं हे शिकवायला मोहरीलांनाच नेमलं गेलं. त्यांनी ते काम फार मनापासून केलं. यंत्र कसं पुसावं, रंग कसा द्यावा, हार कुठून अडकवावा, पाहुण्यांना कुठं उभं करावं, हे सगळं ते समजावून सांगायचे. कोणी विचारलं की चालू कसं करायचं, तर ते त्या अधिकाऱ्याला बाजूला घेऊन विचारायचे की तुमच्याकडे कोणी फिरता सिनेमावाला आहे का.

छप्पन साली राज्यं बदलली, चांदा मुंबई राज्यात गेला, आणि मोहरीलांना शाळेत परत पाठवलं. चालतं घर एका नव्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जायचं होतं. शेवटच्या बाजाराला मल्लय्यानं त्यांना आपल्या तंबूत जेवायला बसवलं. भात, चिंचेचं सार, आणि वर भलंथोरलं तुपाचं भांडं.

"नवे साहेब कसे हायत?" त्यानं विचारलं.

"हुशार आहेत. एम.ए. आहेत."

"लांब बोलतात का?"

मोहरीलांना खोटं बोलवेना. "बोलतात," ते म्हणाले.

मल्लय्यानं भातावर तूप ओतलं. "येऊ द्या," तो म्हणाला. "बॅटऱ्या भरायला माझ्याकडेच येतील ना?"

मोहरीलांनी मान डोलावली. बाहेर लटारू कर्ण्यावरची धूळ झटकत होता आणि पडद्यापुढं माणसं बसायला लागली होती.